वायल्डर कुटुंब व विद्यार्थिजगतांतील सेवा

मिशनरी म्हटला म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एखादें उपासनामंदिर, एखादी शाळा किंवा एखादें इस्पितळ उभें राहतें. जो माणूस मागें कांहीं बांधून ठेवून गेला तो कामाचा, असा आपला ठोकताळा असतो. परंतु मिशनरी सेवेचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यांत विटेवर वीट चढत नाहीं. विश्वविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांमध्यें जाऊन राहावें, त्यांस आपल्या घरीं बोलवावें, एकेकाशीं तासन् तास बोलावें, त्याच्या शंका न कंटाळतां ऐकाव्या. आणि एवढें झाल्यावर परीक्षा संपतांच त्यानें आपल्या गांवीं निघून जावें व पुन्हां जन्मांत भेटूं नये, असें हें काम आहे. शिवाय हें काम एकट्यादुकट्याच्या हातचें नव्हे. ज्या घराचें दार परक्या मुलांसाठीं सदा उघडें राहावयाचें, त्या घरांतील आईला, बहिणीला, पत्नीला व मुलांनाही त्यांत वांटा उचलावा लागतो.

अशा एका कुटुंबाची हकीकत आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों. हें कुटुंब निवडण्याचें कारण असें कीं, परदेशांत ज्यानें हजारों विद्यार्थ्यांच्या आयुष्यास वळण लाविलें, तो रॉबर्ट पार्मली वायल्डर हा जन्मानें कोल्हापूरकर होता. ता. २ ऑगस्ट १८६३ रोजीं कोल्हापुरांत त्याचा जन्म झाला.

त्याचे वडील रॉयल गुल्ड वायल्डर हे अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांतांतले. पत्नी एलायझा हिच्यासह ते १८४६ त हिंदुस्थानास निघाले. प्रथम त्यांनीं अहमदनगरास काम केलें व १८५२ त ते कोल्हापुरास आले. पुढें त्यांचा व त्यांच्या मंडळाचा मतभेद झाला. मिशननें शाळांवर फार श्रम व पैसा खर्च करूं नये, देशी भाषेंतून उपदेश करण्यावरच भर द्यावा, असें मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचें मत होतें. वायल्डरसाहेबांस तें पटेना. त्यांनीं १८६१ त मिशन शाळांची बाजू मांडणारें एक पुस्तकच प्रसिद्ध केलें, आणि मंडळाचा आधार सुटला तरी स्वतंत्रपणें कोल्हापुरांत येऊन काम चालू ठेविलें. १८७० त हें काम प्रेस्बिटेरियन मंडळानें आपल्याकडे घेतलें. पुढें मिरजेचें इस्पितळ उभारलें तें याच मिशनच्या शाखेंतून. आम्ही स्वतः मिशनच्या शाळेंत शिकलों व तेथेंच शिकवितों, तेव्हां या वादांत आमचें मत कोणत्या बाजूस पडेल हें वाचकांनीं ओळखिलेंच असेल! कोल्हापुरांतील वायल्डर मेमोरियल चर्च हें याच वडील वायल्डरसाहेबांचें स्मारक होय.

प्रकृति ढासळल्यामुळें वडील वायल्डर १८७५ च्या सुमारास मायदेशीं परतले व प्रिन्स्टन येथें राहूं लागले. प्रिन्स्टन हें कॉलेजचें गांव. तेथें बसून त्यांनीं १८७८ त मिशनकार्याला वाहिलेलें एक मासिक काढलें. रॉबर्ट तेथल्याच कॉलेजांत शिकत होता. १८८३ त त्यानें कांहीं सोबत्यांसह परदेशीं मिशनरी म्हणून जाण्यास तयार असलेल्या विद्यार्थ्यांची एक मंडळी स्थापिली. रविवारीं दुपारीं हे तरुण वायल्डरांच्या दिवाणखान्यांत जमत. म्हातारे वायल्डरसाहेब त्यांना हिंदुस्थानच्या गोष्टी सांगत, आणि त्याच वेळीं शेजारच्या खोलींत रॉबर्टची वडील बहीण ग्रेस प्रार्थना करीत बसे. ग्रेसबाई माउंट होल्योक या मुलींच्या विद्यालयांत शिकलेल्या होत्या व तेथें त्यांनीं मुलींची अशीच एक मंडळी याच्या आधींच चालविली होती. इतिहासांत रॉबर्टचें नांव ठळक छापलें जातें. परंतु या चळवळीची पहिली ठिणगी कोणाच्या हातून पडली असें आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही त्या शेजारच्या खोलीकडे बोट दाखवूं.

१८८६ च्या जुलैंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील माउंट हर्मन येथें प्रसिद्ध उपदेशक डी. एल. मूडी यांच्या आश्रयाखालीं विद्यार्थ्यांचें शिबिर भरलें. निरनिराळ्या कॉलेजांतून २५१ विद्यार्थी आले होते. तेथून शंभर स्वयंसेवक निघतील, असें ग्रेसबाईंनीं भावाला निघतांना सांगितलें होतें. शिबिर भरलें त्या वेळीं तयार असलेले तरुण जेमतेम वीसएक होते. रॉबर्ट एकेकाला गांठी, झाडाखालीं बसून बोले, सोबत प्रार्थना करी. एके रात्रीं दहा तरुणांनीं दहा निरनिराळ्या लोकांविषयीं थोडथोडें भाषण केलें आणि तेथून वारें फिरलें. शिबिराच्या अखेरीस ९९ नांवें झालीं होतीं; शेवटच्या प्रार्थनेच्या वेळीं आणखी एक विद्यार्थी आंत आला, तो शंभरावा. या शंभरांत कॉर्नेल विश्वविद्यालयाचा जॉन मॉट हा विद्यार्थी होता. यालाच पुढें १९४६ त शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां हें नांव देणें म्हणजे काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. विद्यार्थी एका कागदावर सही करी. देवाची इच्छा असल्यास आपण परदेशीं मिशनरी व्हावयास राजी व उत्सुक आहों, इतकाच प्रथम त्याचा अर्थ होता. कांहीं वर्षांनीं शब्द बदलून ‘राजी’ च्या जागीं ‘माझा हेतु आहे’ अशा अर्थाचे शब्द आले. कारण राजी असणारे पुष्कळ निघत, पण बोटींत पाऊल टाकणारे थोडे. ही शपथ नव्हे, असें चळवळीचे पुढारी वारंवार बजावून सांगत. तथापि वीस वर्षांच्या मुलाला सही व शपथ यांतला भेद किती उमगतो, हा प्रश्न राहतोच. आमच्या वाचकांत पालक आहेत. आपल्या मुलानें कॉलेजांतून पत्र पाठवून, ‘मी सही केली, आतां मी चीनला जाणार’ असें कळविलें तर त्यांना काय वाटेल, हें त्यांनींच मनाशीं ताडून पाहावें. त्या काळीं अमेरिकेंतील कित्येक घरांत असें पत्र आलें, आणि सर्वच घरांत त्याचें हर्षानें स्वागत झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

चळवळीचें ब्रीदवाक्यही असेंच पारखून घेण्यासारखें होतें. ‘याच पिढींत जगाला सुवार्ता’ असा त्याचा मथितार्थ. टीकाकार म्हणत, तीस वर्षांत सारें जग ख्रिस्ती करूं पाहणारी ही पोरें उतावळीं आहेत. यावर मॉट यांनीं १९०० सालीं एक पुस्तक लिहून खुलासा केला. जग ख्रिस्ती होईल असें भाकीत या वाक्यांत नाहीं; प्रत्येक पिढीनें आपल्या काळांत जिवंत असलेल्या माणसांना सुवार्ता ऐकविली पाहिजे, कारण मागली पिढी तें करूं शकत नाहीं आणि पुढलीला ते लोक भेटणार नाहींत, एवढेंच त्यांत कर्तव्य सांगितलें आहे. खुलासा चोख आहे. मात्र घोषणेची जी घाई होती ती खुलाशानें सर्वस्वीं गेली असें नव्हे.

शिबिर संपल्यावर नांवें दिलेल्यांपैकीं कोणी तरी इतर कॉलेजांत फिरावें असें ठरलें. वडील आजारी, त्यामुळें रॉबर्टचा पाय घरांतून निघेना. तेव्हां वडिलांनींच त्याला जवळ बोलावून, माझ्यासाठीं थांबूं नकोस, असें सांगितलें. रॉबर्ट व लाहोरच्या फोर्मन साहेबांचा मुलगा जॉन असे दोघे १८८६-८७ त १६२ शिक्षणसंस्थांतून फिरले. दोन हजारांहून अधिक सह्या झाल्या व त्यांत सुमारें पांचशें मुलींच्या होत्या. हे दोघेही हिंदुस्थानांतील मिशनऱ्यांचे पुत्र होते हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या दौऱ्यांतला एक प्रसंग सॅम्युएल झ्वेमर यांनीं पुढें सांगितला आहे. मिशिगन प्रांतांतील होप कॉलेजांत वायल्डरनें भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा टांगला होता व त्याच्यापुढें संगीत शिकणारे ताल धरण्यासाठीं वापरतात तसलें टिकटिक करणारें यंत्र ठेविलें होतें. ख्रिस्ताचें नांव न ऐकतां हिंदुस्थानांत किती माणसें मरतात, हें त्या टिकटिकीच्या वेगानें दाखवावयाचें होतें. झ्वेमर यांनीं त्या दिवसांतच नांव दिलें व पुढें आयुष्याचीं पुष्कळ वर्षें अरबस्तान व मिसर देशांत घालविलीं. युक्ति परिणामकारक खरी. परंतु ज्यांची गणना त्या ठोक्यांनीं होत होती त्यांपैकींच आम्ही एक असल्यामुळें, हें वाचतांना आम्हांस किंचित् चमत्कारिक वाटल्यावांचून राहत नाहीं. माणसाचें मन यंत्राच्या टिकटिकीनें हलवावें लागावें! वायल्डर यांचें खरें सामर्थ्य तसल्या साधनांत नव्हतें. तें समोरासमोर बसून केलेल्या बोलण्यांत होतें.

१८८७ च्या ऑक्टोबरांत वडील वायल्डर वारले. त्या वेळीं ते पुन्हां हिंदुस्थानास येण्याच्या बेतांत होते. त्यांचा हा बेत त्यांची विधवा पत्नी व कन्या ग्रेस यांनीं पुरा केला. मायलेकी महाराष्ट्रांत परत आल्या व इस्लामपूरच्या बाजूस खेड्यापाड्यांतून काम करीत राहिल्या. ग्रेसबाई १९११ त निवर्तल्या. भावानें विद्यार्थ्यांना परदेशीं जाण्याचा आग्रह करीत फिरावें आणि बहिणीनें मुकाट्यानें जाऊन कृष्णाकांठच्या खेड्यांत बसावें, ही एकाच घरांतील दोन कामें आहेत. यांतलें एक मोठें व दुसरें लहान, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

रॉबर्ट वायल्डर यांचें धर्मशिक्षण १८९१ त पुरें झालें. हिंदुस्थानाच्या वाटेवर ते इंग्लंडांत उतरले आणि तेथील विश्वविद्यालयांत फिरूं लागले. १८९२ त ब्रिटनमधील विद्यार्थ्यांची अशीच संघटना झाली. त्याच वर्षीं नॉर्वे देशांतील हेलीन ओल्सन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला व उभयतां हिंदुस्थानास आलीं. कलकत्ता व पुणें येथें इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांमध्यें काम करावें, अशी त्यांची योजना होती.

पुण्याचें तें शतकाखेरचें वातावरण वाचकांनीं आठवावें. फर्ग्युसन कॉलेज १८८५ त निघालें होतें. ‘केसरी’ घरोघर वाचला जात होता. मिल्ल आणि स्पेन्सर वाचलेला विद्यार्थी पाद्र्याला बायबलांतलीच अडचण काढून दाखवी. शिवाय ख्रिस्ती होणें म्हणजे आईबाप, जात व देश यांस मुकणें, अशी सर्वांची समजूत; आणि पहिल्या दोहोंच्या बाबतींत ती फारशी खोटीही नव्हती. अमेरिकेंत एका संध्याकाळीं वीस सह्या मिळविणाऱ्या माणसाला येथें एका विद्यार्थ्याशीं वर्षभर बोलावें लागे व शेवटीं मैत्रीपलीकडे हातीं कांहीं लागेलच अशी खात्री नसे. तरी वायल्डर यांनीं हें काम हलकें मानिलें नाहीं. मध्यंतरीं १८९७ त अमेरिकेंतील चळवळीच्या हांकेवरून ते तिकडे गेले व १८९९ त परत आले. परंतु प्रकृतीनें साथ दिली नाहीं, आणि १९०२ त त्यांना हिंदुस्थान कायमचा सोडावा लागला. दुसऱ्यांना परदेशीं धाडणाऱ्यालाच आपल्या जन्मभूमींत राहतां येऊं नये, ही गोष्ट त्यांना किती लागली असेल!

यानंतर कुटुंबाचा तळ युरोपांत पडला. पत्नीचें माहेर नॉर्वेंत असल्यामुळें तेंच त्यांचें घर झालें. १८९५ त स्वीडनमधील वाड्स्टेना येथें जगांतील ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला होता. त्या संघाच्या व ब्रिटिश विद्यार्थिमंडळाच्या वतीनें वायल्डर देशोदेशींच्या विश्वविद्यालयांत हिंडत. अशा कामांत घरधनी महिनेच्या महिने आगगाडींत, आणि संसाराचा भार घरांतल्या बाईवर. परदेशांत शिकणाऱ्या तरुणाला व्याख्यानांपेक्षां कधीं कधीं घरच्यासारखें एक जेवण अधिक सांगून जातें, हें ज्यांचीं मुलें वसतिगृहांत आहेत त्यांना आम्हीं सांगावयास नको.

१९१६ त हें कुटुंब अमेरिकेस गेलें, आणि १९१९ पासून १९२७ पर्यंत वायल्डर यांनीं आपण तरुणपणीं उभारलेल्या चळवळीचें चिटणीसपद सांभाळलें. हा काळ कठीण होता. पहिल्या महायुद्धानंतर डे मॉइन येथें भरलेल्या अधिवेशनाला सुमारें सात हजार प्रतिनिधी आले आणि १९२० या एका वर्षांत २,७८३ विद्यार्थ्यांनीं नांवें दिलीं. वरकरणीं ही भरती होती. पण आंतून ओहोटी लागली होती. ख्रिस्ती म्हणविणारीं राष्ट्रें एकमेकांचे गळे कापीत असतां आम्हीं कोणत्या तोंडानें परदेशीं उपदेश करावा? आमच्याच देशांत काळ्या माणसाला काय वागणूक मिळते? मजुरांचें काय? असे प्रश्न विद्यार्थी उघड उघड विचारूं लागले. साठीकडे झुकलेल्या वायल्डरांना हे प्रश्न मूळ हेतूपासून दूर नेणारे वाटले असल्यास नवल नाहीं. आमच्या मतें मात्र विद्यार्थी बरोबर होते; आणि असे प्रश्न विचारण्याचें धैर्य त्यांच्यांत आलें याचें थोडें श्रेय, त्यांच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलत आलेल्या वायल्डरांसारख्यांनाही आहे. १९३८ त नांव देणारे अवघे पंचवीस निघाले. तथापि १८८६ पासून या चळवळीच्या द्वारें प्रत्यक्ष बोटीवर चढून परदेशीं गेलेल्यांची एकूण संख्या वीस हजारांवर गेली.

चिटणीसपद सोडल्यावरही त्यांनीं विश्रांति घेतली नाहीं. १९२७ पासून १९३३ पर्यंत त्यांनीं कैरो येथें राहून त्या भागांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या संयुक्त संस्थेचें काम पाहिलें. मग ते नॉर्वेंत परतले व ता. २८ मार्च १९३८ रोजीं ऑस्लो येथें वारले.

बापाचें चरित्र त्यांची कन्या रूथ वायल्डर ब्रेस्टेड यांनीं इंग्रजींत लिहून १९४१ त प्रसिद्ध केलें. पुस्तकाचें नांव त्यांनीं त्याच जुन्या ब्रीदवाक्यांतून घेतलें आहे. त्यांतला जगाचा उल्लेख मात्र गाळला असून फक्त ‘या पिढींत’ एवढेच शब्द ठेविले आहेत.