गाळाची किंमत

पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते. हा गढूळपणा म्हणजे डोंगरउतारांवरून व शेतांतून वाहून आलेली माती होय. प्रवाहाला वेग असेपर्यंत ही माती पाण्याबरोबर पुढे जाते. वेग मंदावला की ती तळाशी बसते. हाच गाळ. तो साचत गेला की पात्र उथळ होते आणि जहाजांची वाट अडते. म्हणून तो उपसावा लागतो. पण उपसलेला गाळ टाकावा कोठे?

नेदरलँड्स देशात या प्रश्नाचे एक उत्तर शतकांपूर्वीच सापडले होते. तेथे बांधकामाचा दगड फारच दुर्मिळ. मग घरे कशाची बांधावी? गौडा शहराजवळून वाहणाऱ्या ‘हॉलंडची आयसेल’ या नदीचे नावाडी लांब दांड्याच्या जाळीने तळचा गाळ नावेत ओढून घेत. काठावर तो सुकवीत, साच्यात घालून त्याच्या विटा पाडीत आणि भट्टीत भाजीत. गाळात चुन्याचा अंश असल्यामुळे या विटा पिवळसर होत. भरतीबरोबर नदीत नवा गाळ येई आणि पात्र मोकळे करता करता घरेही उभी राहत.

त्याच देशाच्या ईशान्य टोकाला एम्स नदी समुद्राला मिळते. तेथील पाण्यात गाळ इतका वाढला, की सूर्यप्रकाश खोलवर पोहोचेना. प्रकाशावाचून सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत आणि त्यांच्यावाचून मासे उपाशी राहतात. दुसरीकडे समुद्राची पातळी वाढत असल्याने किनाऱ्याचे बांध उंच करणे भाग होते. त्यासाठी चिकणमाती हवी होती. एका संकटातच दुसऱ्यावरचा उपाय होता.

२०१८ मध्ये डेल्फझाइल बंदराजवळ उपसलेला गाळ मोठमोठ्या वाफ्यांत पसरण्यात आला. तो ओला, खारट व मऊ होता. असा गाळ बांधाला चालत नाही. पावसाने त्यातील मीठ धुऊन नेले, वाऱ्या-उन्हाने पाणी आटवले आणि यंत्रांनी तो वरचेवर उलथापालथा केला. काही वर्षांत त्याची घट्ट चिकणमाती झाली. २०२२ मध्ये ती जवळच्या सागरी बांधाच्या कामी आली.

अर्थात, प्रत्येक गाळ असा उपयोगी पडत नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याने त्यात विषारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात; म्हणून आधी त्याची परीक्षा करावी लागते. परंतु योग्य गाळाला थोडा वेळ आणि श्रम दिले, की समुद्राने आणलेली मातीच समुद्राला अडवून उभी राहते.