अपग्रेडनंतर गोडाउनचा लॅपटॉप सर्व्हरला जोडेना? आधी एरर नंबर बघा

समजा, इस्लापूरला तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बिलिंगचा मायएसक्यूएल डेटाबेस आहे आणि मागच्या गोडाउनचा लॅपटॉप वायफायने त्याला जोडलेला आहे. जूनमध्ये बियाण्याला गर्दी असते. नेमकं तेव्हाच, अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी, लॅपटॉप जोडत नाही.

आधी हातबिल बुक काढा, गिऱ्हाईक परत पाठवू नका. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुनी बिलं उघडून बघा. उघडली तर डेटा शाबूत आहे. लगेच बॅकअप घ्या आणि लॅपटॉपवरचा एरर नंबर वाचा.

१००६१: लॅपटॉप कॉम्प्युटरपर्यंत पोहोचला, पण तिथे कुणी ऐकत नाही. मायएसक्यूएल सर्व्हिस चालू आहे का, पोर्ट ३३०६ च आहे का बघा. सेटिंग फाइलमध्ये बाइंड-ॲड्रेस फक्त १२७.०.०.१ असेल, तर सर्व्हर बाहेरच्या कुणालाच घेत नाही. त्यापुढे स्वल्पविराम देऊन दुकानातल्या कॉम्प्युटरचा आयपी लिहा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

१००६०: उत्तरच आलं नाही. बहुतेक फायरवॉल अडवतोय किंवा कॉम्प्युटरचा आयपी बदललाय. राउटरमध्ये आयपी कायमचा ठरवून टाका.

११३० किंवा १०४५: वाट मोकळी आहे, परवानगी नाही. 'लोकलहोस्ट'साठी बनवलेला युजर लॅपटॉपवरून चालत नाही. लॅपटॉपसाठी वेगळा युजर बनवा.

२०५९ किंवा १५२४: पासवर्ड तपासायची पद्धत जुळत नाही. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून नव्या युजरला नवी पद्धत लागते. २०२४ च्या ८.४ मध्ये जुनी पद्धत मुळातच बंद असते. बिलिंगवाल्याकडून सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या.

एक गोष्ट मात्र करू नका. "फायरवॉल बंद करा, पोर्ट इंटरनेटला उघडा" असं कुणी सांगेल. २०१७ च्या सुरुवातीला असेच उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली होती. तुमच्या डेटाबेसमध्ये गावभरची उधारी आहे. ती गेली तर वसुली कशाच्या जोरावर करणार? फायरवॉलमध्ये ३३०६ फक्त दुकानाच्या नेटवर्कसाठी उघडा. किनवटच्या शाखेतून जोडायचं असेल तर व्हीपीएन घ्या.

सगळं चालू झालं की आवृत्ती, आयपी, पोर्ट आणि युजरचं नाव वहीत लिहून ठेवा. आणि पुढचं अपग्रेड हंगाम संपल्यावरच करा, बॅकअप घेऊन!