डोक्यावरचे खवले

दुपार कलली की हर्णे बंदरात होड्या लागू लागतात. मागे सुवर्णदुर्ग, पुढे पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या, वाळूवर मांडलेले वाटे आणि लिलावाचा गलका. चुंबळीवर पाटी ठेवून बायका चढण चढतात. मासा हाताळणाऱ्यांच्या मनगटांवर, पदराच्या काठावर खवले चिकटलेले असतात. घरी जाऊन अंग धुतलं की ते जातात. पण कुणाच्या खांद्यावर न्हाऊन झाल्यावरही पांढरे पापुद्रे पडत राहतात, कानामागे जाड खपली धरते, डोकं हुळहुळतं, रात्री खाजेने झोप मोडते. हे खवले माशाचे नव्हेत.

गंमत अशी की ही उपमा फार जुनी आहे. चरकसंहितेत अठरा प्रकारच्या कुष्ठांपैकी ‘एककुष्ठा’चं वर्णन करताना माशाच्या खवल्यांचीच आठवण काढलेली आहे. आजचे अनेक वैद्य एककुष्ठाचा संबंध सोरायसिसशी जोडतात. तेव्हाचा ‘कुष्ठ’ हा शब्द मात्र त्वचेच्या कितीतरी विकारांना मिळून वापरला जाई. आज तो एकाच रोगासाठी उरला, आणि त्याची भीती भलत्याच लोकांच्या वाट्याला आली.

सोरायसिस हा जंतूंचा आजार नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून स्वतःच्याच त्वचेला डिवचते. एरवी त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास आठवड्याच्या आत उरकतो. जुन्या पेशी गळायच्या आत नव्या येऊन धडकतात आणि थरावर थर साचतो. तोच तो चंदेरी खवला. घराण्यात असेल तर शक्यता वाढते. घशाचा संसर्ग, मनावरचा ताण, दारू, तंबाखू, रक्तदाबाची काही औषधं यांनी तो उसळू शकतो. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांत त्याचं प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळलं आहे, आणि ज्यांना तो होतो त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांचं डोकं कधी ना कधी धरतोच.

अडचण पहिल्याच पायरीवर येते. कोकणात डोक्याची कुठलीही तक्रार निघाली की हात आधी खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. नुसत्या कोरड्या डोक्याला खोबरेल चांगलंच. सोरायसिसमध्येही ते खवले मऊ करतं, ओढ कमी करतं, फक्त मूळ आजारावर त्याचा इलाज चालत नाही. पण साधा कोंडा आणि त्याचा थोरला भाऊ, म्हणजे तेलकट, पिवळसर पापुद्र्यांचा सेबोरिक त्वचादाह, यांचं गणित उलटं असतं. त्यात मालासेझिया नावाच्या यीस्टचा हात असतो. ही यीस्ट आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि तेलातल्या स्निग्ध आम्लांवर जगते. अशा डोक्यावर रोज तेल थापणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. तिथे किटोकोनाझोलसारखा बुरशीनाशक शाम्पू लागतो. एकच बाटली शेजारच्या दोन घरांत दोन वेगळे परिणाम दाखवते ती यामुळे.

म्हणून तेल ओतण्याआधी उजेडात बसून, केसांचा भांग पाडत कुणाकडून तरी डोकं नीट बघून घ्यावं. सोरायसिसचा चट्टा जाड असतो, त्याची कड स्पष्ट दिसते आणि तो पुष्कळदा केसांची रेषा ओलांडून कपाळावर किंवा मानेवर उतरतो. गोऱ्या त्वचेवर तो लाल दिसतो, सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा तपकिरी. कोंडा डोकंभर पसरलेला असतो आणि भुवयांत, नाकाच्या कडांनाही दिसतो. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला गोल डाग असेल तर गजकर्णाची शंका घ्यावी. त्याला पोटातून औषध लागतं. काळी मेंदी किंवा डाय लावल्यावर दोन दिवसांत डोकं सुजून पाझरू लागलं, तर दोष रंगाचा असण्याचा संभव जास्त.

आणि फणी! दाट दातांच्या फणीने खवले खरवडून काढण्यात बरं वाटतं खरं. पण खवला ओढून काढला की खाली रक्ताचे बारीक टिपके उमटतात, आणि जिथे त्वचा दुखावते तिथे सोरायसिसचा नवा चट्टा उठू शकतो. जर्मन डॉक्टर हाइनरिख कोब्नर यांनी १८७० च्या दशकात हे नोंदवलं. चुंबळीचा रोजचा दाब आणि घर्षण हीसुद्धा तशीच इजा ठरू शकते.

सगळ्यात जास्त त्रास मात्र लोकांच्या नजरेचा होतो. न्हावी कात्री थांबवतो, घरात टॉवेल वेगळा होतो, लग्नाची बोलणी अडतात. युरोपातही शतकानुशतकं सोरायसिसचे रोगी कुष्ठरोग्यांत गणले गेले. व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये दोन्ही आजार निर्विवाद वेगळे केले. हे इतकं सांगायचं कारण, सोरायसिस स्पर्शाने, कंगव्याने, उशीने कुणालाही होत नाही. आणि कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. डोक्याच्या उबदार त्वचेवर तो क्वचितच दिसतो.

ऊन आणि पाणी यांवर लोकांचा जुना विश्वास आहे, आणि तो निराधार नाही. अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांना लहानपणापासून सोरायसिस होता. इप्सविच या समुद्रकाठच्या गावी राहायला जाण्यामागे तिथली उन्हात पडून राहता येणारी चौपाटी हे एक कारण होतं, असं त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. तुर्कस्तानातल्या कांगलच्या गरम झऱ्यांत रोगी तासन्‌तास बसतात आणि गारा रुफा जातीचे छोटे मासे त्यांचे खवले टिपून खातात. हर्णेच्याच दापोली तालुक्यात उन्हवऱ्याला गंधकाचं गरम कुंड आहे. त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक तिथे जातात. मात्र फार कढत पाणी त्वचा आणखी कोरडी करतं. शिवाय हर्णेच्या किनाऱ्यावर ऊन कितीही असलं तरी केसांखालच्या त्वचेपर्यंत ते फारसं पोचत नाही. हातापायांचे चट्टे उन्हाने मावळले आणि डोकं तसंच राहिलं, असं होतं ते म्हणूनच.

डोक्याच्या उपचाराला चिकाटी लागते. रात्री सॅलिसिलिक आम्ल असलेलं तेल किंवा मलम भांगाभांगातून त्वचेला लावायचं, केसांना नव्हे. डोक्याला जुनं फडकं बांधून झोपायचं. सकाळी मऊ झालेले खवले बोटांनी हलकेच सोडवायचे आणि कोलटारचा शाम्पू पाच-दहा मिनिटं ठेवून कोमट पाण्याने धुवायचा. त्यानंतरच स्टेरॉइडचं लोशन किंवा कॅल्सिपोट्रिऑल, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. थर न काढता वर औषध लावलं तर ते थरावरच राहतं, आणि ‘गुण येत नाही’ म्हणून माणूस बाटली बदलतो.

दुकानातून परस्पर आणलेल्या तिहेरी मिश्रणाच्या मलमांपासून जपायला हवं. त्यांत क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड असतं. चार दिवसांत जादू दिसते, मग त्वचा पातळ होते आणि औषध थांबवताच आजार दुपटीने उलटतो. स्टेरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. आजार पसरलेला असेल तर मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या देतात. त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेततं. कॅलेंडरवर वार गोल करून ठेवणं ही इथे चैन नव्हे.

हर्णेहून दापोली सोळा-सतरा किलोमीटर. पण लिलावाची वेळ चुकवून दवाखान्यात जायचं म्हणजे त्या दिवसाची कमाई सोडायची, हे डॉक्टरांनीही ध्यानात घ्यावं. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून फोनवर सल्ला मिळतो. १ जूनपासून मासेमारी बंद असते. नेट लावून उपचार सुरू करायला तो काळ सोयीचा. चट्टा एकाएकी अंगभर पसरला, ताप आला किंवा पुवाने भरलेले फोड उठले, तर मात्र जूनची वाट बघायची नाही.

दवाखान्यात डोकं दाखवताना नखंही दाखवावीत. सुईने टोचल्यासारखे खड्डे, नखाखाली साचलेला पिवळा थर या सोरायसिसच्या खुणा असतात. सांध्यांबद्दलही बोलावं. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडतात, टाच दुखते, एखादं बोट सुजून फुगतं. बंदरावर याचं खापर बर्फावर आणि जाळं ओढण्यावर फुटतं. डोक्यासाठी एक डॉक्टर आणि बोटांसाठी दुसरा, असं वर्षानुवर्षं चालतं. सोरायसिसच्या काही रोग्यांत सांधेही धरतात, बहुधा त्वचेनंतर काही वर्षांनी, आणि तेव्हा उशीर झाला तर वाकडी झालेली बोटं पुन्हा सरळ होत नाहीत.