हिरवळ, माती आणि मैदानाची राखण

माघ सरत आला, ज्वारीची काढणी तोंडावर आली की धाराशिव जिल्ह्यात यात्रांचे वेध लागतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा ही त्यांतील सर्वांत मोठी. पण लहानमोठ्या ग्रामदैवतांच्या यात्रा माघापासून वैशाखापर्यंत चालूच असतात. यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आला, आणि फड आला की मैदान तयार करणे आले. याच सुमारास युरोप-अमेरिकेतील गोल्फची मैदाने हिवाळ्याच्या झोपेतून जागी होत असतात आणि वसंतातील खेळासाठी त्यांचीही मशागत चालू होते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे वरकरणी वाटणार नाही. गोल्फ हा शब्द या जिल्ह्यात वर्तमानपत्राच्या क्रीडापानापलीकडे क्वचितच पोहोचला आहे. तथापि मैदान कशाचे असावे, त्यावर पाणी किती खर्ची पडावे आणि बांधून झाल्यावर त्याची राखण कोणी करावी, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. अवर्षणग्रस्त जिल्ह्याच्या अर्थकारणात ते गौण मानण्याचे कारण नाही.

हिरवळीमागील शास्त्र

गोल्फचे मैदान म्हणजे निसर्गाने आपोआप अंथरलेली हिरवळ, ही समजूत खरी नाही. थंड प्रदेशात बर्फ वितळून जमिनीत ऊब येऊ लागली की तेथील माळी प्रथम हिवाळ्यात बुरशीने खाल्लेले पट्टे शोधतात. पायांनी आणि यंत्रांनी दबलेल्या जमिनीला श्वास घेता यावा म्हणून बोटभर जाडीची भोके पाडतात आणि ती बारीक वाळूने भरतात. उघड्या पडलेल्या जागी बी टाकतात, पाण्याच्या नळ्या तपासतात आणि गवत वाढू लागले की कापणीची उंची बेताबेताने खाली आणतात. ज्या भागात चेंडू खळग्यात ढकलावयाचा असतो, त्या ‘ग्रीन’वरील गवत अवघे तीन ते चार मिलिमीटर राखावे लागते. एवढ्या बुटक्या गवताला मुळे थोडी, म्हणून पाणी वारंवार; पाणी वारंवार म्हणून रोग अधिक; रोग अधिक म्हणून औषधे अधिक. एका कृत्रिमतेतून दुसरी जन्मते, ती अशी.

हा खेळ ज्या स्कॉटलंडमध्ये वाढला, तेथे मात्र हे सारे सहज होते. समुद्रकाठची वाळूमिश्रित, शेतीला निरुपयोगी जमीन, बारमाही भुरभुरणारा पाऊस आणि गवत आखूड ठेवणाऱ्या मेंढ्या, एवढ्या भांडवलावर सेंट अँड्र्यूजचे मैदान उभे राहिले. १८६५ पासून सुमारे चार दशके त्याची राखण करणारे टॉम मॉरिस हिरवळीवर वाळू पसरण्याचा कमालीचा आग्रह धरीत. त्या भूमीच्या प्रकृतीला जे मानवले, तेच त्यांनी केले. पुढे खेळ साम्राज्याबरोबर जगभर गेला आणि त्याच्याबरोबर हिरवळीची कल्पनाही गेली. कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि पुण्यात १८८५ मध्ये गोल्फचे क्लब निघाले. कोरड्या मुलखातील खेळाडूंनी मात्र पुष्कळ ठिकाणी हिरवळीचा हट्ट सोडून वाळूत तेल कालवून दाबलेल्या ‘ब्राऊन’वर खेळ चालवला, हे विसरता येत नाही. म्हणजे हिरवा रंग हा त्या खेळाचा आत्मा नव्हे. तो एका विशिष्ट हवामानाचा वारसा आहे.

याहून मौजेची गोष्ट गवताची आहे. उष्ण प्रदेशातील गोल्फ मैदानांवर ज्या बर्म्युडा गवताचा बोलबाला असतो, ते दुसरे तिसरे काही नसून आपली हराळीच आहे. त्याच्या संकरित जाती परदेशांतून किंमत मोजून आणल्या जातात. आणि येथे? परंडा-भूमकडचा शेतकरी याच हराळीशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आला आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तो रान तापवतो, बायकामाणसे ढेकळांतून हराळीच्या काशा वेचतात, आणि एवढे करूनही मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ती पुन्हा डोके वर काढते. एकाचे तण ते दुसऱ्याचे भूषण. वस्तूचे मूल्य वस्तूत नसते, ते मागणी करणाऱ्याच्या ऐपतीत आणि अभिरुचीत असते, हे अर्थशास्त्रातील तत्त्व याहून सोप्या उदाहरणाने क्वचितच शिकवता येईल.

पाण्याचा हिशेब

थंड देशांतील वसंत म्हणजे ओलाव्यातून बाहेर पडण्याचा काळ. मराठवाड्यातील वसंत म्हणजे तहानेच्या उंबरठ्यावर येण्याचा काळ. तेथे मैदान जागे होते तेव्हा येथील विहिरी तळ गाठू लागतात. हा फरक लक्षात घेतल्यावाचून पाण्याचा हिशेब मांडता येत नाही.

हा हिशेब फारसा अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर १०,००० लिटर लागते. अठरा खळग्यांच्या मैदानाला साधारणपणे पन्नास हेक्टर जमीन लागते. त्यातील केवळ वीस हेक्टर हिरवळ भिजवावयाची आणि कडक उन्हात रोज पाच मिलिमीटरच पाणी द्यावयाचे, असे धरले तरी दिवसाला १० लाख लिटर पाणी झाले. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण सरकारने मानले आहे. त्या मापाने एवढे पाणी १८,००० माणसांना पुरते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये या हिशेबाला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्या महिन्याच्या १२ तारखेला मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली आगगाडी शेजारच्या लातूरला पोहोचली. तिच्यात ५ लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएल क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. त्या वेळी असा युक्तिवाद झाला की, सामने हलवल्याने मराठवाड्याला एक थेंबही अधिक मिळणार नाही. तो तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता. मुंबईच्या मैदानावर न शिंपडलेले पाणी आपोआप लातूरला वाहत येत नाही. परंतु पाणी ही केवळ वस्तू नसून सार्वजनिक ठेव आहे, आणि ठेवीच्या वाटपात अग्रक्रम असतो, ही गोष्ट त्या आदेशाने अधोरेखित केली. कोरड्या वर्षी मैदानाची तहान माणसाच्या तहानेनंतरच भागवली पाहिजे, यावर दुमत होण्याचे कारण नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शुद्ध केलेले सांडपाणी हिरवळीसाठी वापरले तर आक्षेपाची धार पुष्कळ बोथट होते, आणि मोठ्या शहरांत हा मार्ग योग्यही आहे. पण लहान नगरपालिकांची मिळकत तुटपुंजी; तेथे सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था उभारणे आणि अखंड चालवणे हाच मोठा प्रश्न. शिवाय शुद्ध झालेल्या पाण्यावर पहिला हक्क शेतीचा की शोभेच्या गवताचा, हा वाद तेथेही उरतोच.

मातीचे मैदान

सुदैवाने या जिल्ह्याचे खेळ हिरवळीवर अवलंबून नाहीत. ते मातीचे खेळ आहेत. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. भोवती दीड मीटरची मोकळी पट्टी धरली तरी क्षेत्र ५७० चौरस मीटर होते. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर धावणाऱ्या मुलीचा घोटा कधी मुरगळेल याचा नेम नसतो. म्हणून वरचा थर काढून खाली मुरूम दाबावा लागतो, त्यावर चाळलेली माती पसरून पाणी मारून रोलर फिरवावा लागतो आणि पाणी निघून जाण्यास किंचित उतार ठेवावा लागतो. पुढे रोज खडे वेचणे, संध्याकाळी सडा घालणे आणि चुन्याने रेषा आखणे, एवढेच काम. चौरस मीटरला दोन लिटर धरले तर एका मैदानाला दिवसाकाठी सुमारे ११४० लिटर पाणी पुरते. म्हणजे ज्या पाण्यात एक गोल्फ मैदान भिजते, त्यात पावणेनऊशे खो-खो मैदाने भिजतील. जिल्ह्यातील प्रत्येक गावाला एक मैदान देऊनही काही पाणी उरेल.

कुस्तीच्या हौदाची मशागत तर त्याहून बोधप्रद आहे. तांबडी माती बाहेरून आणावयाची, चाळून मऊ करावयाची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव मिसळावयाची आणि मुरू द्यावयाची. पण खरी मशागत त्यानंतरची असते. तालमीत पोराने पहाटे उठून प्रथम खोरे हाती घ्यावयाचे आणि हौद उकरावयाचा. माती खालीवर झाल्यावाचून लढत नाही. हे उकरणे हाच त्याच्या दंड-खांद्यांचा पहिला व्यायाम असतो. येथे राखण आणि सराव या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. जो खेळतो तोच मैदान राखतो. म्हणूनच वेगळ्या तरतुदीवाचून कित्येक गावांतील तालमी दीर्घकाळ टिकल्या. आणि म्हणूनच, पोरे तालमीत येईनाशी झाली तेव्हा त्या पाहता पाहता ढासळल्या. ज्या मातीत रोज खोरे पडत नाही, ती महिन्याभरात दगडासारखी घट्ट होते.

बांधणीला पैसा, राखणीला नाही

या मातीने जिल्ह्याला काय दिले, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार सारिका काळे ही याच जिल्ह्याची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती धाराशिवमध्ये रंगली. जिल्ह्यात क्रीडागुण नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. उणीव आहे ती वेगळीच.

राज्य शासनाने २०२२ मध्ये तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर आणि जिल्हा संकुलाची ८ कोटींवरून २५ कोटींवर नेली. हे स्वागतार्हच आहे. परंतु हा पैसा बांधकामाचा आहे. बांधून झाल्यावर रोज पाणी कोणी मारावयाचे, रोलर कोणी फिरवावयाचा, पावसाळ्यानंतर वाहून गेलेली माती कोणी भरावयाची, या खर्चाचा भार मुख्यतः संकुलाच्या स्वतःच्या उत्पन्नावर पडतो. आणि ज्या तालुक्यात गाळ्यांना भाडेकरू मिळण्याची मारामार, तेथे हे उत्पन्न कितीसे असणार? भांडवली खर्चाची कोनशिला बसते, तिच्यावर नावे कोरली जातात. राखणीच्या खर्चाला कोनशिला नसते. साहजिकच लोकप्रतिनिधींचे लक्ष पहिल्याकडे असते, दुसऱ्याकडे नाही. खाजगी कारखानदार यंत्राच्या झिजेसाठी दरसाल रक्कम बाजूला काढतो. सार्वजनिक मैदानाची झीज कोणाच्याच हिशेबवहीत येत नाही. ती दिसते तेव्हा मैदानावर बाभळी उगवलेल्या असतात, आणि मग दुरुस्ती न करता नवे बांधकामच मंजूर करून घेणे सोयीचे ठरते.

गोल्फकडून घेण्याजोगे काही असेल तर ते येथे आहे. त्याचे गवत नको, त्याचे पाणी तर नकोच; पण त्याचा राखणदार हवा. तेथे मैदान राखणाऱ्या माणसाला स्वतंत्र हुद्दा असतो, प्रशिक्षण असते, वेतन असते, आणि खेळ सुरू होण्यापूर्वी अंतिम शब्द त्याचा असतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या मैदानरक्षकाचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे मैदानावर काम करणारा माणूस हा शिपायाच्या रिकाम्या वेळाचा मानकरी असतो.

उपाय खर्चिक नाहीत. कोणत्याही संकुलाच्या बांधकाम अनुदानाचा ठरावीक हिस्सा बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावा आणि तिच्या व्याजातूनच राखणीचा खर्च भागवावा. ५ कोटींतील दहावा हिस्सा, म्हणजे ५० लाख रुपये, सहा टक्क्यांनी गुंतवला तरी वर्षाला ३ लाख रुपये हाती येतात. त्यात एका मैदानरक्षकाचे बेताचे वेतन आणि माती-मुरुमाचा किरकोळ खर्च निघू शकेल. दुसरे म्हणजे, तालुक्याच्या ठिकाणी मोठी इमारत उभारताना गावांतील शाळांच्या मैदानांचा विसर पडू नये. मुलगी खो-खो शिकते ती शाळेच्या अंगणात. तालुक्याला ती स्पर्धेपुरती जाते. तिसरे म्हणजे, तालमीची जुनी रीत शाळांनी उचलावी. खेळाच्या तासाची पहिली दहा मिनिटे मैदान झाडण्यात, खडे वेचण्यात आणि सडा घालण्यात गेली तर त्याने शिक्षणाची हानी होणार नाही.

या सूचनांवर एक आक्षेप संभवतो. पिण्याच्या पाण्याची आणि रोजगाराची विवंचना असलेल्या जिल्ह्याने मैदानांचा विचार कशासाठी करावा? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु हिशेब वर मांडलाच आहे. मातीचे मैदान राखण्यास लागणारे पाणी एका टँकरच्या तळाशी उरते तेवढे, आणि लागणारा पैसा संकुलाच्या कमानीवर होणाऱ्या खर्चाहून कमी. उलट ज्या घरांत मुलीच्या हाती देण्यासारखी जमीनही नाही आणि जमीन असून पाणीही नाही, तेथे खेळाच्या बळावर मिळणारी नोकरी ही आयुष्य पालटणारी ठरते. अशा मुलींना हिरवळ नको आहे. त्यांना खडे वेचलेले, दबलेले, संध्याकाळी सडा पडलेले पाचशे-सहाशे चौरस मीटर मैदान हवे आहे. आणि ते उद्याही तसेच राहील, याची कोणीतरी घेतलेली जबाबदारी हवी आहे.