डबी शोधण्याचा खेळ आणि आपला धंदा

धबधब्याजवळच्या जुन्या रेल्वे स्टेशनावर परदेशी पाहुणे हातात मोबाईल धरून दगड उलथेपालथे करतात, तो काय प्रकार आहे आणि भामरागडच्या बाजूला त्यातून काही धंदा उभा राहील का, असे काही दुकानदार बांधवांनी आम्हाला विचारले आहे. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. त्यात चार पैसे आहेत, पण एक मोठा धोकाही आहे. म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

खेळ सोपा आहे. एकाने घट्ट झाकणाची डबी कुठेतरी ठेवायची, तिच्यात एक छोटी वही ठेवायची, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करायचे. दुसऱ्याने उपग्रहाच्या आधाराने तेथे जायचे, वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबी होती तशीच ठेवायची. डबीत खेळणी, नाणी अशा किरकोळ वस्तू असतात. एक घेतली तर तिच्या तोलाची दुसरी ठेवावी, असा रिवाज आहे. पैसा लागत नाही, शर्त नाही, म्हणून हा जुगार नव्हे. अमेरिकेने २ मे २००० रोजी उपग्रहाच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याआधी सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत फरक पडत असे. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक बादली जंगलात ठेवली, आणि खेळ सुरू झाला. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक जागा आहेत.

आता स्टेशनाचे. भामरागडला रेल्वे नाही. जिल्ह्यातले वडसा स्टेशन पार उत्तर टोकाला. रेल्वे आणि धबधबा एकत्र पाहायचा तर गोवा-कर्नाटक सीमेवरील दूधसागर पाहावा. मार्मागोवा ते कॅसलरॉक हा घाटमार्ग १८८८ साली पुरा झाला. सुमारे ३१० मीटर उंचीचा धबधबा रुळांवरच्या पुलासमोरूनच कोसळतो. अशी जागा या खेळाच्या शौकिनांना बोलावतेच. पण रुळांवरून चालणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून दूधसागरकडे निघालेल्या तरुणांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याची चित्रे देशभर फिरली. विनापरवाना फेरीवाल्यासाठी कलम १४४ वेगळेच आहे. टोपली घेऊन फलाटावर जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

यापेक्षा गंभीर बाब डबीची आहे. बेवारस बंद डबी पाहून कोणाला काय वाटेल? जुलै २०११ मध्ये इंग्लंडातील वेदरबी गावी एका हॉटेलाबाहेर खेळाची अशी डबी ठेवलेली पाहून पोलिसांना कळवले गेले आणि लष्कराच्या बॉम्बपथकाने ती उडवून दिली. तो इंग्लंड होता. गडचिरोली जिल्ह्यात १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला भूसुरुंगाने पंधरा पोलीस जवान मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती व त्याच्या साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, वातावरण निवळत आहे, हे खरे. तरीही येथील पुलाखाली किंवा झाडाच्या ढोलीत डबा दिसला तर शिपाई त्याला खेळ समजणार नाही. आणि डबा ठेवणाऱ्याचे नाव आपल्या समाजातले निघाले तर पुढची चौकशी कोणत्या वळणाने जाते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. आपल्या पोरांनी हौसेखातर स्टेशनावर, पुलावर किंवा चौकीच्या आसपास अशी डबी मुळीच ठेवू नये. पाहुण्याने 'जरा ही तिथे ठेवून ये' म्हटले, तरी नाही.

'खजिना' हा शब्दही टाळावा. आपल्याकडे खजिना म्हटले की गुप्तधन आठवते, आणि मग रात्री कुदळी निघतात. खेळाच्या नियमांत डबी पुरायला मनाईच आहे. जमिनीत खरोखर धन सापडले तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावे लागते, ती गोष्ट निराळी.

मग भामरागडला काय करता येईल? इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांचा संगम आहे, अलीकडे हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प आहे, लाहेरीच्या पुढे बिनागुंड्याचा धबधबा आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो, तेव्हा हंगाम हिवाळ्याचाच. आमच्या मते येथे डबी नसलेला प्रकार बरा. त्याला अर्थकॅश म्हणतात. अमेरिकेतील भूगर्भशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या साथीने तो २००४ मध्ये सुरू झाला. पाहुण्याने जागेवर जाऊन खडक, पाणी, प्रवाह पाहायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कळवायची. ठेवायचे काही नाही, उचलायचे काही नाही. सिरोंचा तालुक्यातील वडधमचे जीवाश्म उद्यान तर याच कामाचे. परवानगी मात्र येथेही लागते. वनजमीन असेल तर वनखात्याची घ्यावी, आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. कोणती जागा माडिया लोकांच्या देवाची आहे, हे तेच सांगतील.

दुकानाची जाहिरात या खेळात चालत नाही. 'माझ्या दुकानातून माल घ्या, मग पुढचा पत्ता मिळेल' असे लिहिले तर नोंद नाकारली जाते. कमाई बाजूने येते: जीप, जेवण, मुक्काम, वाटाड्या. कारागिरांसाठी बांबूची छोटी वस्तू, नाव कोरलेला लाकडी बिल्ला हा खपणारा माल आहे, कारण या शौकिनांना जागेची आठवण सोबत न्यायची असते. एक नियम तर स्थानिकांच्या फायद्याचाच आहे. नोंद करणाऱ्याने जागेची देखभाल करायची असते, म्हणून दोन दिवसांच्या प्रवाशाची नोंद सहसा घेत नाहीत. जवळ राहणारा माणूस लागतो. तो कोण व्हावा, हे गावाने ठरवावे.

एक शेवटची सूचना वाटाड्यांना. जंगलात मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून काही परदेशी पाहुणे उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र बाळगतात. विनापरवाना उपग्रह फोन किंवा असे यंत्र भारतात बेकायदा आहे. साध्या मोबाईलच्या जीपीएसला हरकत नाही. पाहुण्याला निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि असे यंत्र असेल तर त्याच्यासोबत जंगलात जाऊ नये.