प्लास्टिकच्या साच्यांसाठी मिश्र हत्यारी पोलाद : गुणधर्म व उपयोग

प्रस्तावना

बादली, खुर्ची, सिरिंज, मोटारीच्या दिव्याचे आवरण अशा असंख्य वस्तू इंजेक्शन मोल्डिंग पद्धतीने तयार होतात. या पद्धतीत सामान्यतः २०० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळलेले प्लास्टिक मोठ्या दाबाखाली पोलादी साच्यात भरले जाते व तेथे थंड होऊन वस्तूचा आकार घेते. एकाच साच्यावर हे चक्र लाखो वेळा घडू शकते. साच्याच्या एकूण खर्चात पोलादाच्या किमतीचा वाटा लहान असतो. मोठा वाटा असतो तो यंत्रकामाचा व पॉलिशचा. पोलादाची निवड चुकली, तर हे सर्व श्रम वाया जातात. अधिक कठीण पोलाद म्हणजे अधिक चांगला साचा, हा समज कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटकद्रव्ये व त्यांचे कार्य

पोलादाचे काठिण्य मुख्यतः कार्बनवर अवलंबून असते. क्रोमियम, मॉलिब्डेनम व निकेल यांच्यामुळे जाड ठोकळाही गाभ्यापर्यंत सारखा कठीण होतो. व्हॅनेडियमचे सूक्ष्म कार्बाइड झीज रोखतात. गंधक मिसळल्यास पोलाद सहज कापले जाते. परंतु त्यातून निर्माण होणारे सल्फाइडचे कण आरशासारख्या पॉलिशमध्ये बाधा आणतात. म्हणून पारदर्शक वस्तूंच्या साच्यांसाठी पुनर्वितळण करून शुद्ध केलेले पोलाद निवडतात.

प्रमुख प्रकार व उपयोग

१) पी-२० : यात कार्बन सुमारे ०.३५ टक्के व क्रोमियम सुमारे १.७ टक्के असते. हे पोलाद आधीच कठीण केलेल्या स्थितीत, रॉकवेल सी मापनावर साधारण २८ ते ३४ काठिण्याचे मिळते. साचा कोरल्यानंतर पुन्हा उष्णतोपचार करावा लागत नाही. त्यामुळे आकार वाकण्याचा वा मापे बदलण्याचा धोका टळतो. घरगुती वस्तूंच्या साच्यांसाठी ते सोयीचे आहे. फार जाड ठोकळ्यांसाठी सुमारे १ टक्का निकेल असलेला १.२७३८ हा प्रकार वापरतात.

२) एच-१३ : सुमारे ५ टक्के क्रोमियम, तसेच मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असलेले हे पोलाद मूलतः उष्ण कामासाठीचे आहे. उष्णतोपचारानंतर त्याचे काठिण्य ४८ ते ५२ पर्यंत नेता येते व चिवटपणाही टिकतो. काचतंतुयुक्त नायलॉन साच्याचा पृष्ठभाग घासून काढते. अशा ठिकाणी ते उपयुक्त ठरते.

३) ४२० प्रकारचे गंजरोधक पोलाद : यात क्रोमियम सुमारे १३ टक्के असते. पीव्हीसी अति तापल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो व साधे पोलाद खातो. अशा प्लास्टिकसाठी, तसेच वैद्यकीय व पारदर्शक वस्तूंसाठी हे पोलाद वापरतात.

निवडीतील तारतम्य

प्रत्येक गुणाची काही किंमत मोजावी लागते. मोल्डिंगच्या चक्रातील बराचसा वेळ वस्तू थंड होण्यात जातो. गंजरोधक पोलादाची उष्णतावाहकता पी-२० पेक्षा कमी असल्याने हा वेळ वाढू शकतो. उलटपक्षी, साध्या पोलादातील पाण्याच्या वाहिन्यांत गंज साचला, तर तेथेही उष्णतेचे वहन मंदावते. काठिण्य वाढवले की झीज कमी होते. मात्र चिवटपणा घटून पातळ कडा व तीक्ष्ण कोपरे तडकण्याची शक्यता वाढते. पी-२० च्या पृष्ठभागावर नायट्रायडिंग करून झीज रोखता येते. तीच प्रक्रिया ४२० वर केल्यास त्याची गंजरोधकता कमी होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की काठिण्य हा निवडीचा एकमेव निकष नव्हे. कोणते प्लास्टिक, किती नग, कसा पृष्ठभाग व केवढा ठोकळा या चार प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत व त्यानंतरच पोलाद ठरवावे. थोड्या नगांसाठी महागडे कठीण पोलाद घेणे जसे अनावश्यक, तसेच काचतंतुयुक्त प्लास्टिकसाठी केवळ स्वस्त म्हणून पी-२० घेणे घातक होय. विद्यार्थ्यांना पोलादाचे तक्ते शिकवताना हे चार प्रश्न सोबत दिल्यास आकड्यांमागील कारणे त्यांना उमगतील.