शेवटच्या शेकानंतरचे पंधरा दिवस

आर. के. पुरमहून रोज एम्सला रेडिएशनला जाणाऱ्यांसाठी हे खास. दिल्लीत याला ‘सिकाई’ म्हणतात, आपण ‘शेक’. त्वचेचा त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही. साधारण २-३ आठवड्यांनी लाली, खाज, काळपटपणा येतो आणि उपचार संपल्यावरही ८-१० दिवस वाढू शकतो. तेव्हा ‘सुटलो एकदाचे’ म्हणत लगेच हळद-खोबरेल चोळू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने हलकेच टिपणं, सैल सुती कपडे, डॉक्टरांनी दिलेलं मलम, बस्स. बर्फ नको, गरम पिशवीही नको. शेक चालू असताना अंगावरच्या खुणा पुसू नका. मे महिन्यात काख, स्तनाखालची घडी कोरडी ठेवणं हेच खरं अवघड! साल निघून पाणी सुटलं, पू दिसला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. उन्हात ती जागा झाकायची, वर्षभर तरी.